केसभर वर

संचालकांनी छडी स्टँडवर आपटली, तशी मामांनी सनई ओठांवरून काढून चटकन मांडीआड लपवली. शाळेत तासाला गोष्टीचं पुस्तक लपवतात तशी.

"पुन्हा एकदा," संचालक म्हणाले. "सनई येते तिथून."

खर्जातल्या तंतुवाद्यांनी हलकेच सुरुवात केली. तो आवाज कानांआधी मामांच्या तळपायांना कळला. लाकडी रंगमंचातून तो वर चढत आला, पोटरीतून, मांडीतून, आणि आपली पाळी येईपर्यंत मामांच्या छातीत अशी काही धडधड झाली की या वयात हे बरं नव्हे असं त्यांना वाटून गेलं. जन्मभर त्यांनी एका सूरवाल्याच्या आणि एका तालवाल्याच्या सोबतीने वाजवलं होतं. आता आजूबाजूला व्हायोलिनांचं शेत पसरलं होतं.

त्यांनी फुंकर घातली. सुरुवात झकास झाली. एका बासरीवाल्याने तर मान वळवून पाहिलं. मग तो लांब सूर आला, सनई आणि ओबो, म्हणजे तिची फुंकून वाजणारी विलायती बहीण, यांनी मिळून धरायचा, आणि त्या दोघींच्या मध्ये माशी अडकल्यासारखी भुणभुण सुरू झाली.

छडी पुन्हा आपटली.

"मामा, तुम्ही केसभर वर आहात."

भाचीमुळे सगळा वाद्यवृंद त्यांना मामाच म्हणायला लागला होता. हे संगीत भाचीने लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या ताफ्यासाठी तिने लिहिलेलं हे पहिलंच, आणि त्यातली सनई तिने मामांच्या सनईसाठीच लिहिली होती. लहानपणी ती ज्या आवाजाच्या कुशीत झोपायची, तो हा आवाज.

"हो," मामा म्हणाले. "तिचा आवाजच तिथे आहे."

"खाली येता येईल?"

"बघतो."

रिकाम्या खुर्च्यांतून भाची धावत रंगमंचाशी आली. "आपणच जरासे वर गेलो तर?"

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी मफलर सारखा केला. त्या सभागृहात कायम गारठा असे. बासरीवाला बोटं उघडी राहतील असे हातमोजे घालून बसायचा. "अगं, इथली रीत तुला ठाऊक आहे. ओबो सूर देते, बाकीचे सगळे त्या सुराला आपापली वाद्यं लावतात. तो सूर वर्षानुवर्षं एकच आहे. एका पाहुण्यासाठी सगळं गाव वर चढवायचं म्हटलं तर उद्या कुणीही येऊन जिना मागेल." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "उद्या दुपारच्या तालमीत बसलं तर उत्तम. नाहीतर सनईचा भाग आपल्या ओबोवाल्या बाई वाजवतील. छान वाजवतील."

ओबोवाल्या बाईंनी मान वर केली नाही. त्या आपल्या वाद्याच्या तोंडाची, फुंकायची पत्ती जिभेवर भिजवत बसल्या होत्या.

मामा त्या पत्तीकडेच बघत होते.

चहाच्या सुट्टीत ते पाय ओढत तिकडे गेलेच. मागच्या गल्लीवजा वाटेत खिडकीपाशी बाईंनी छोटं टेबल मांडलं होतं. बारीक सुरी, दोऱ्याचं रीळ, बोरूचे चिरलेले तुकडे. चष्मा गळ्यातल्या दोरीला. बाई कुणाशी फारशा बोलत नसत. पाठीमागे त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत.

"घरी करता?" मामांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर आपण उगाच विचारलं असं वाटून ते मागे सरले.

"बाजारातली पत्ती म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवल्यासारखं," बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

मामांनी सनई पुढे केली. तिच्या गळ्याशी दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याला जादा पत्त्या लोंबत होत्या. बाईंनी चष्मा लावला. एक पत्ती चिमटीत धरून त्यांनी उजेडात फिरवली.

"हे काय? बोरू नाही."

"गवत आहे. पाणथळीतलं. मुरवायचं, मग तासायचं."

"आणि बिघडतात?"

"दहा केल्या तर एक बोलते. बाकीच्या नुसत्या शिंकतात."

बाई हसल्या. हसल्यावर त्या एकदम शाळकरी दिसल्या. "माझ्याकडेही हेच. आणि जी बोलते, ती नेमकी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चिरते." त्यांनी पत्ती परत केली. "तुमच्यात सूर कोण देतं?"

"भावोजी. म्हणजे हिचे वडील." मामांनी सभागृहाकडे, भाचीच्या दिशेने हात केला. "माझ्या मागे बसून एकच सूर धरायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, श्वास न तोडता. आता दात गेले, तसा सूरही सुटला."

"एकच सूर? जन्मभर?"

"एकच."

"टाळ्या?"

"त्या मला. भावोजींकडे कोण बघतंय?" मामा ओशाळले. "पण चहा आला की पहिला कप त्यांना. ती आमची रीत आहे. मग मी, मग बाकीचे."

बाईंनी सुरीचं पातं पुसलं. "बरी रीत आहे," त्या म्हणाल्या. "इथे सगळे माझ्याकडून सूर घेतात आणि उसन्या छत्रीसारखा विसरून जातात."

संध्याकाळी भाचीच्या घरी मामांनी नवी पत्ती तासली. लांब. पत्ती लांब केली की सनई खाली उतरते, एवढं सरळ गणित. ती उतरलीही. ओबोच्या सुराशी बिनतक्रार जाऊन बसली. फक्त तिचा आवाज गेला.

भावोजी कोचावर पाय घेऊन बसले होते. त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली, कान टवकारले आणि पुन्हा कवळी बसवली, कारण जे बोलायचं होतं ते नीट बोलायचं होतं.

"मेहुणे, हिला सर्दी झालीय."

"भावोजी, सुरात तर आहे?"

"सुरात आहे हो. मढंसुद्धा शिस्तीत पडून असतं."

"बाबा!" भाची ओरडली.

"मग काय खोटं बोलू? तुझा मामा वाजवायला लागला की समोरचा माणूस पाणी प्यायचं विसरायचा. आत्ता तो वाजवत असताना मी दोनदा उठून पाणी प्यालो."

मामा हसले नाहीत. त्यांनी लांब पत्ती काढली, दोऱ्यावरची जुनी, आखूड पत्ती लावली आणि एकच सूर फुंकला. खोली लख्ख झाली. शेजारच्या घरातलं भांडी घासणं थांबलं. मग त्यांनी ती पत्ती पुन्हा काढली.

"बाळ," ते भाचीला म्हणाले, "तो भाग बाईंनाच देऊन टाक. मी समोर बसून ऐकेन. मला तेवढंही पुष्कळ आहे."

"मामा, तू ऐकायला आला नाहीस."

"अगं, तुझं पहिलंच काम. माझ्यापायी सगळ्यांची घडी विस्कटायला नको. मी कुठला कोण..."

"झालं सुरू," भावोजी म्हणाले. "या माणसाने लग्नात बोहल्यावर चढतानासुद्धा भटजींना विचारलं होतं, मी चालेन ना म्हणून."

भाची मामांच्या पायाशी जमिनीवर बसली. "मामा, सर्दी झालेली सनईसुद्धा मला चालेल," ती म्हणाली. "पण सनईच हवी."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने लांब पत्ती पुन्हा सनईला बसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारची तालीम सुरळीत पार पडली. भुणभुण नव्हती. संचालक म्हणाले, "जमलं. आभारी आहे मामा," आणि पान उलटलं. बासरीवाल्याने या वेळी मान वळवली नाही. भाची रिकाम्या खुर्च्यांत हाताची घडी घालून उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती चटकन हसली, आणि ते हसणं मामांना सनईपेक्षा बेसूर वाटलं.

ओबोवाल्या बाई सगळ्यांच्या आधी उठल्या. जाताना मामांच्या खुर्चीपाशी थांबल्या.

"काल याच जागेवर माझ्या अंगावर काटा आला होता," त्या म्हणाल्या. "आज आपलं दोघांचं अगदी छान जुळलं." हे त्यांनी तक्रार केल्यासारखं म्हटलं आणि त्या निघून गेल्या.

त्याच रात्रीच्या कार्यक्रमात भाचीचं संगीत मध्यंतरानंतर होतं. मध्यंतरात मामा मागच्या वाटेत फेऱ्या मारत होते. हात गार, कान गरम. सभागृह तुडुंब भरलं होतं. पडद्याच्या फटीतून त्यांनी पाहिलं तर तिसऱ्या रांगेत भावोजी शेजारच्या अनोळखी बाईंना काहीतरी हातवारे करून समजावत होते. गाल फुगवून दाखवत होते. म्हणजे स्वतःचीच कथा चालली होती.

खिडकीपाशी मास्तरीणबाई पत्तीवर वाकल्या होत्या. लाकडाच्या ठोकळ्यावर पत्ती ठेवून त्यांनी धारदार पात्याने तिचा शेंडा कापला. नखाच्या चंद्रकोरीएवढा तुकडा उडाला. त्यांनी पत्ती ओठांत धरून वाजवून पाहिली, मान हलवली, आणखी कणभर कापली.

"आत्ता? ऐन वेळी?" मामांना राहवलं नाही.

"गारठ्यात सूर उतरतो," बाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

घंटा झाली.

सगळे आपापल्या जागी बसले. मामांची खुर्ची ओबोच्या थोडी पुढे, डावीकडे होती. सनईला लांब पत्ती लावलेली. गळ्याशी दोरा, दोऱ्यावर बाकीच्या. दिवे मंदावले. व्हायोलिनांचे म्होरके उठले आणि त्यांनी ओबोकडे पाहून मान लववली.

ओबोने सूर दिला.

मामांनी डोळे मिटले होते. ते त्यांनी उघडले.

म्होरक्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, गज ओढला आणि ते थबकले. त्यांनी ओबोकडे पाहिलं. बाई समोर बघत होत्या, गाल ताठ, चेहरा दगडासारखा. सूर हलत नव्हता. श्वास संपेल म्हणावं तर संपत नव्हता. म्होरके क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी खुंटी पिळली. वर.

त्यांच्या मागून दुसरे पिळायला लागले, मग तिसरे. खर्जातल्या वाद्यांच्या खुंट्यांपाशी हात गेले. बासरीवाल्याने भुवई उंचावली, बासरीचं तोंड आत ढकललं आणि पुन्हा फुंकून पाहिलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारायची तशी रीतच नव्हती. ओबो देते, सगळे घेतात. आणि मामांच्या चारी बाजूंनी तो अख्खा ताफा केसभर, फक्त केसभर, वर चढत गेला, पहाटे एखादं गाव अंथरुणातून उठावं तसा, कुरकुरत, आळोखेपिळोखे देत, आणि मग एकाएकी सगळा जागा.

मामांच्या बोटांनी लांब पत्ती उपटली होती. त्यांना ते कळलंही नव्हतं. दोऱ्यावर जुनी, आखूड पत्ती चाचपून त्यांनी ती तोंडात घातली. तोंड कोरडं पडलं होतं, ती भिजेना. त्यांनी ती जिभेखाली दाबून दाबून ओली केली आणि सनईला बसवली.

संचालक टाळ्यांमधून चालत आले. सूर लावण्याचे शेवटचे धागे अजून हवेत होते. ते अर्ध्या पावलावर अडखळले. त्यांनी ओबोकडे पाहिलं, मग मामांच्या सनईवरच्या आखूड पत्तीकडे. मफलर सैल केला. मग छडी उचलली.

खर्ज तळपायांतून वर आला. मामांनी फुंकर घातली.

आपण काय वाजवलं हे नंतर त्यांना सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की त्या लांब सुरावर ओबो आणि सनई आली तेव्हा मध्ये माशी नव्हती, मध्ये काहीच नव्हतं. आणि पाठीमागून कुणीतरी धरून ठेवलंय, आता कितीही लांब गेलं तरी पडायची भीती नाही, असं पूर्वी वाटायचं तसं वाटलं. बासरीवाल्याची मान वळली. पहिल्या रांगेत कुणीतरी पाण्याची बाटली तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली.

मग टाळ्या पडल्या. मामांनी उभं राहायचं असतं हे भाचीने विंगेतून तीनदा खुणावलं तेव्हा ते उठले, तेही शेजारच्याला "मी?" असं विचारून.

नंतर मागच्या खोलीत नुसता गलका झाला. भाची रडत होती आणि हसत होती आणि प्रत्येकाला मिठी मारत होती. भावोजी कसेबसे गर्दीतून आत घुसले होते.

"बाई," संचालक ओबोवाल्या बाईंना म्हणाले, "गारठ्यात सूर उतरतो असं ऐकलं होतं. आज चढला कसा?"

"चढला?" बाई पत्त्यांची डबी बंद करत म्हणाल्या. "मला नाही बाई जाणवलं."

संचालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "उकाडा असेल," ते म्हणाले आणि मफलर पुन्हा गळ्याभोवती घट्ट गुंडाळून निघून गेले.

चहाचा ट्रे आला. मामांनी पुढे होऊन पहिला कप उचलला. भावोजी जवळच उभे होते. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

मामा कप घेऊन त्यांच्या समोरून पुढे गेले. खोलीच्या टोकाशी मास्तरीणबाई खाली वाकून पेटीचे बंद लावत होत्या.

भावोजींनी वळून तिकडे पाहिलं. मग हात मागे घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या बासरीवाल्याला कोपराने बाजूला सारत म्हणाले,

"सरका हो जरा. वाट द्या त्यांना."