एक्केचाळिसावं पान

कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आलेल्या त्या पत्राला मास्तरांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं होतं. विशेष संग्रहातली, कापडावर छापायच्या नमुन्यांची हातानं रंगवलेली जुनी वही तपासताना एक्केचाळिसावं पान मिळालं नाही. नोंदीप्रमाणे ही वही शेवटी आपण व आपले सोबती यांनी हाताळली. काही आठवत असल्यास कळवावे.

मास्तरांना आठवत होतं, आणि तीच पंचाईत होती. सोबती म्हणजे दाजी. तेव्हा वर्गमित्र, पुढे धाकट्या बहिणीचा नवरा. विद्यार्थी असताना एका सुट्टीत दोघांनी बसून त्या वहीच्या पानांवर पेन्सिलीनं क्रमांक घातले होते. टोक करायला दाजी ब्लेड घेऊन येत. मास्तर पुढे नक्षीकाम शिकवत राहिले, दाजी कापडाच्या गिरणीत नमुने काढायला लागले आणि त्यांच्या द्राक्षवेलीच्या चादरी घरोघरी गेल्या. ही वेल या माणसाला सुचली कुठून, असं मास्तरांच्या मनात तेव्हाच येऊन गेलं होतं. पत्रानं त्या संशयाला खतपाणी घातलं.

खरं लिहावं तर बहिणीच्या संसारात विष कालवल्यासारखं, खोटं लिहायला हात धजेना. मग मास्तरांनी त्यांना जमणारी एकच गोष्ट केली. काहीच केलं नाही. बहिणीकडे जाणंही बंद केलं.

"दादा, यांचं काही चुकलं का?" बहीण फोनवर विचारायची.

"छे गं, गुडघे."

"गुडघे तीन वर्षं?" परवा ती म्हणाली. "या महिन्यात आला नाहीस तर मी समजेन मला भाऊच नाही."

म्हणून, बहिणीकडे जाण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी या विचारानं, एका सकाळी मास्तर ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन उभे राहिले. अर्जातल्या 'कारण' या रकान्यात त्यांनी 'अभ्यास व प्रेरणा' असं लिहिलं आणि चोरी करायला आल्यासारखा त्यांना घाम फुटला. ग्रंथपालबाईंनी पिशवी कपाटात ठेवायला लावली, पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली, हात धुऊन यायला सांगितलं. मग नाव वाचून त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.

"तुम्हाला पत्र पाठवलं होतं आम्ही."

"हो. ते राहूनच गेलं."

"तीन वर्षं राहून गेलं, आणि आज नेमकी तीच वही हवी?" त्यांनी फाईल काढली. "असो. ते प्रकरण मिटलंय. तुमच्या सोबत्यांनाही पत्र गेलं होतं, त्यांनी तेव्हाच कबूल केलं."

मास्तरांनी फाईल जवळ ओढली. फाईलमध्ये दाजींचं वळणदार अक्षर होतं: पान माझ्याकडूनच कापलं गेलं असावं. आता ते सापडणे नाही. मेहुण्यांचा यात काही संबंध नाही, त्यांना त्रास देऊ नये.

म्हणजे संशय खरा ठरला होता. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. उलट 'असावं' हा शब्द त्यांना खटकला. पान कापणारा माणूस असावं कशाला म्हणेल?

"वही बघू का?"

बाईंनी वही फोमच्या उताराच्या आधारावर ठेवली, पानावर वाळू भरलेली कापडी पट्टी टाकली आणि स्वतः समोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांची नजर मास्तरांच्या हातावरून हलत नव्हती.

मास्तर उरलेल्या पानांत द्राक्षवेलीचा माग शोधायला लागले. पण कुणा अनाम कारागिरानं समासात रंग अजमावताना ओढलेले फराटे बघता बघता ते शोधायचं विसरले. नक्षीतलं एक झाडाचं पान उलटं वळवून त्याची पाठ कशी दाखवलीय, हे त्यांनी कागदावर उतरवून घेतलं. कित्येक महिन्यांनी त्यांचा हात न कचरता चालला.

वही संपली. द्राक्षाचा एक घडसुद्धा दिसला नाही.

मग ते पुन्हा चाळिसाव्या पानावर आले. पुढे बेचाळीस. आतल्या कडेला ब्लेडची खूण नाही, उरलेली कागदाची पट्टी नाही. वही आठ-आठ पानांचे फर्मे, म्हणजे मधोमध दुमडलेल्या चार कागदांचे जुडगे, शिवून बांधलेली. एक पान कापलं तर दोऱ्याच्या पलीकडचं त्याचं जोडीचं पान एकटं पडणार. त्यांनी मोजली. चाळिसावर पाचवा फर्मा संपत होता. सहाव्यात बेचाळीस ते एकोणपन्नास, आठही पानं जागेवर, प्रत्येकाला जोडीदार.

पान गेलंच नव्हतं. क्रमांक गेला होता.

चाळीसपर्यंतचे आकडे दाजींचे होते, गोलसर. तिथं पेन्सिल दुसऱ्याच्या हातात आली होती, कारण बेचाळिसातल्या चारच्या शेपटीला झोका होता. फळ्यावरच्या त्या झोक्याची पोरं मास्तरांच्या पाठीमागे नक्कल करायची.

बाईंनी पानं दोनदा मोजली. "तपासणीत आम्ही नुसते आकडे बघत गेलो," त्या हळूच म्हणाल्या. "पण फाईलमध्ये कबुली आहे. ती काढायची तर लेखी लागेल. टपालानं पाठवा, म्हणजे आवक नोंद होते."

खाली फाटकाशी उभं राहून मास्तरांनी फोन लावला.

"कोण, मेहुणे? गुडघे काय म्हणतात?"

"दाजी, पान स्वतः कापलं असं तुम्ही का लिहिलंत?"

पलीकडे दाजी खाकरले. "मग काय तुमचं नाव लिहू? तुमची बहीण जेवायला वाढते मला."

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी कापलं?"

"तुम्ही त्या वहीवरून दिवस दिवस उठत नव्हता. म्हटलं, घेतलं असेल एखादं. तोंड दाखवायला लाजताय असं वाटलं, म्हणून विषय नाही काढला."

"मला वाटलं तुम्ही. ती द्राक्षवेल..."

"ती आमच्या हिच्या माहेरच्या कुंपणावरची," दाजी म्हणाले. "म्हणजे तुमच्याच. तुम्ही तिच्याखाली पुस्तक वाचत बसायचा, वर कधी बघितलं नाहीत."

"तुम्ही माझ्यावर संशय घेऊन मला वाचवलंत. मी नुसता संशय घेतला."

"रविवारी या. हिला यातलं काही सांगू नका, आपल्या दोघांचंही जेवण बंद करेल."

टपाल कार्यालयात दोरीला बांधलेलं पेन होतं. मास्तरांनी तीन कागद फाडले, चौथ्यावर लिहिलं: 'वहीतील पान हरवलेले नाही. क्रमांक घालताना एक्केचाळीस हा आकडा माझ्या हातून सुटला. माझ्या सोबत्यांचा यात काहीही दोष नाही, त्यांचे पत्र रद्द समजावे. उत्तरास तीन वर्षे लावली, हा दोष वेगळा, तोही माझाच.'

सही केली, पत्ता दोनदा ताडून बघितला आणि पाकीट पेटीत टाकलं.