हर्ब नोस्केच्या पान्याची हमी

"वापरायच्या आधी नाव घासून टाक," असं मर्ल मला म्हणाली होती. लिलावाच्या दिवशी चहाच्या टेबलामागे उभी राहून ती स्कोनवर जॅम लावत होती. माझी छोटी लेक बी कडेवर होती आणि त्या जॅमकडे डोळे लावून बसली होती.

"अगं, नावामुळेच तर छान दिसतात ही अवजारं," मी म्हटलं.

"छान दिसायला ती काय पडदे आहेत? कानस घे आणि घास. हर्बचं नाव हर्बबरोबर जाऊ दे."

मी हसले. मर्ल सत्तरीच्या पुढची, चर्चच्या बायकांची पुढारी. शिडीखालून जाऊ नका, चाकू हातात देऊ नका, असलं ती सगळ्यांनाच सांगते. तसलंच हेही असेल असं मला वाटलं.

हर्ब नोस्के त्या हिवाळ्यात गेला. मूलबाळ नव्हतं. ॲडलेडहून त्याचा पुतण्या आला आणि त्याने शेत आवरायचा लिलाव ठेवला. आमच्या गव्हाच्या मुलखात असे लिलाव जत्रेसारखे होतात. माणसाचं सगळं आयुष्य रानात ओळींनी मांडतात. नांगर, पंप, पत्रे, दोरखंड, फुटका टब. लिलाववाला ओळीतून चालत जातो आणि सगळा गाव त्याच्या मागून.

आम्हाला अवजारं हवीच होती. माझा नवरा कॅलम शेतीची यंत्रं दुरुस्त करतो. बी झाल्यावर त्याने डीलरची नोकरी सोडून घरच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा डीलरची अवजारं परत करावी लागली. मग त्याने एक स्वस्त संच आणला, चकचकीत पेटीतला. पहिल्याच आठवड्यात पान्याचं तोंड फाकलं, हात सटकला आणि बोटांची सालटी निघाली. मी पाना घेऊन दुकानात गेले तर काउंटरवरचा म्हणाला, "धंद्यासाठी वापरलात ना? मग हमी नाही."

"मग पाना कशासाठी वापरतात? केस विंचरायला?" मी विचारलं. त्याला हसू आलं, पाना काही आला नाही.

त्यानंतर बीला पाजताना मी एका हाताने फोनवर फक्त अवजारांबद्दल वाचायची. एकदा भीती वाटायला लागली, की मग मी थांबत नाही, वाचत सुटते. कुणाचा मुलामा पापुद्र्यासारखा उडतो, कुणाच्या पोलादाला चीर जाते. शेवटी एवढं कळलं की, जिथे हात सटकला तर बोट जाईल ते अवजार चांगलं घ्यावं, बाकी स्वस्तातलं चालतं. आणि नव्या स्वस्तापेक्षा जुनं चांगलं कधीही बरं. जुन्या थॉर्नबी कंपनीच्या पान्यांची सगळे तारीफ करत होते. त्यांची हमीही वेगळी होती: पहिल्या मालकाच्या हयातीपर्यंत, काहीही मोडलं तरी बदलून मिळेल.

हर्बच्या टबात सगळे थॉर्नबीचेच पाने होते. प्रत्येकावर कोरलेलं: एच. नोस्के. थोडं डावीकडे कललेलं अक्षर. टब आम्हाला मिळाला. मी नाव घासलं नाही.

अवजारांची गाडी आमच्याकडे आठवड्याआड येते. डेनिसची. गाडीतच दुकान असतं. मोडलेलं द्यायचं, नवीन घ्यायचं. अवजारावर कुणाचंही नाव असो, डेनिस विचारतो, "हा तूच का रे?" आणि समोरचा म्हणतो, "मीच की." डेनिस डोळा मारतो. सगळा जिल्हा असंच करतो. आमच्या मुलखात सरळ उत्तर देणारा माणूस जरा शिष्टच वाटतो.

कापणीच्या तोंडावर हर्बच्या एका पान्याच्या डोक्याला चीर गेली. त्याच दुपारी गाडी आली. डेनिसचा दिवस नव्हता. मी व्हरांड्यात बीचे कपडे वाळत घालत होते, आणि माझ्या लक्षात आलं की गाडीवर धूळ नाही. आमच्या घरापर्यंत सगळा कच्चा रस्ता आहे. कापणीच्या दिवसांत इथे पाव उघडा ठेवला तर त्याच्यावर धुळीची साय येते. ती गाडी मात्र आत्ताच धुतल्यासारखी पांढरी होती.

उतरलेला माणूस डेनिस नव्हता. अंगावर लांब बाह्यांचा सदरा, त्या उन्हात. कॅलमने पाना पुढे केला. त्या माणसाने तो घेतला आणि नावावरून अंगठा फिरवला. आंधळी माणसं फिरवतात तसा, सावकाश.

"हर्ब नोस्के?" त्याने विचारलं.

कॅलमने टाचा जुळवून सलाम ठोकला. "हजर! अजून मेलेलो नाही, मेट."

मला हसायला आलं होतं. पण तो माणूस हसला नाही, त्याने डोळाही मारला नाही. तो म्हणाला, "मग हमी चालू आहे." आत गेला, तेलकट कागदात गुंडाळलेला पाना आणून दिला आणि निघाला. वळताना गाडीच्या मागे धूळ उडाली नाही.

कॅलमने कागद सोडला. पाना कोरा करकरीत होता. त्यावर कोरलेलं होतं: एच. नोस्के. अक्षर डावीकडे कललेलं.

"याला म्हणतात सेवा!" कॅलम म्हणाला.

"कॅल, त्याने हे कोरलं कधी?"

"तुझ्या मनात ना, प्रत्येक गोष्टीत पाल चुकचुकते."

ते खरंच होतं. बी रात्री शांत झोपली तरी मी उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. म्हणून मी पुन्हा कपडे वाळत घालायला लागले.

पहिल्यांदा ऐकू आला तो "स". मी वाचा-उपचार शिकले आहे, माणसाचं बोलणं ऐकणं हेच माझं काम. कॅलमचा "स" स्वच्छ होता. त्या आठवड्यात त्यात बारीक शीळ यायला लागली. पुढचा दात नसलेल्या माणसाची येते तशी. मी त्याला तोंड उघडायला लावलं. दात सगळे जागच्या जागी होते.

मग तो डाव्या हाताने चहा ढवळायला लागला. दूध नको म्हणाला. मग एकदा यंत्राखाली आडवा पडून हात बाहेर काढून म्हणाला, "पाच सुताचा दे."

"काय दे?"

"पाच सुताचा पाना, पोरी. कान फुटले का?"

कॅलम सगळं मिलिमीटरमध्ये मोजतो. इंच-सुताचा हिशोब आमच्या आजोबांबरोबर गेला. आणि तो मला पोरी म्हणत नाही.

"गंमत करतोस ना?" मी विचारलं.

"कसली गंमत?" यंत्राखालून शीळ मिसळलेला आवाज आला.

त्याला खरंच कळत नव्हतं. कॅलम गंमत करतो तेव्हा शेवटी स्वतःच फुटतो. आता तो फुटत नव्हता.

मी डेनिसला फोन केला. बदलीवर कुणाला पाठवलं होतं का?

"माझ्या जागी? कुणाला नाही बाई."

"थॉर्नबीचा पाना बदलून दिला त्याने."

"थॉर्नबी?" तो हसला. "कंपनी बुडून जमाना झाला. मी त्यांचे बदलतो ते दुसऱ्या कंपनीच्या मालातून, आपलं चांगुलपणाने. थॉर्नबीचा नवीन पाना कुठून आणणार तो?"

तो नवीन पाना माझ्या समोर टेबलावर होता. मी डेनिसला "बरं" म्हटलं.

बाळ बापाच्या आवाजाकडे वळतं. बी तर चौथ्या महिन्यापासून वळायची, तोंडातलं दूध सोडून. एका रविवारी दुपारी मी तिला सतरंजीवर बसवलं आणि कॅलमला म्हटलं, तिच्या मागे उभा राहून बोल काहीतरी. तो बोलला. काय गं, काय चाललंय, दुपारी झोपली होतीस का. बी हातातल्या चमच्याकडे बघत राहिली. मग बाहेर मर्लची गाडी वाजली तेव्हा चटकन वळली. म्हणजे कान ठीक होते.

मर्ल लिंबं घेऊन आली होती. कॅलमने तिला दारातच म्हटलं, "बस की. सावलीत बस." ती बसली नाही. लिंबं तिच्या हातातून पायरीवर सांडली आणि घरंगळत अंगणात गेली.

तो शेडकडे गेल्यावर ती म्हणाली, "हा 'स' हर्बचा आहे. तरुणपणी पाना सटकून त्याचा दात गेला होता."

मी लिंबं तशीच राहू दिली. व्हरांड्याच्या टोकाला गेले. कॅलम शेडच्या दाराशी पाठमोरा उभा होता, डाव्या हातात पाना. मी हाक मारली, "कॅलम!" मग पुन्हा, जोरात. समोरच्या तारेवरचे पोपट उडाले. तो हलला नाही.

मला ते म्हणायचं नव्हतं. पण बघितल्याशिवाय राहवेना. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "हर्ब."

तो वळला. "काय गं?"

चेहरा कॅलमचाच होता. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नंतर मला सगळ्यांनी तेच विचारलं. चेहरा त्याचाच, डोळेही त्याचेच. फक्त ते डोळे माझ्याकडे असे बघत होते, जसं आपण पत्ता विचारायला आलेल्या बाईकडे बघतो.

मी बीला घेऊन मर्लकडे झोपायला गेले. सकाळी परत आले तेव्हा पिकअप गाडी नव्हती, टब नव्हता. कापणीवाल्यांची एक टोळी पश्चिमेला निघाली होती, शेताशेतांतून यंत्रं घेऊन फिरणारी. तिच्याबरोबर तो गेला. पेट्रोल पंपावरची मुलगी म्हणाली, खुशीत होता, शीळ घालत होता.

पोलीस ठाण्यातला माणूस भला आहे, कॅलमबरोबर फुटबॉल खेळलेला. त्याने टोळीच्या मुकादमाला फोन लावला. मग मला म्हणाला, "कामावर आहे, जेवतोय, झोपतोय. हरवला कुठे? भांडण झालं का तुमचं?" कॅलमचा फोन शेडमध्येच राहिला होता.

मर्ल त्या दिवसापासून आमच्याकडेच राहते. तिलाच मी विचारलं, "तुला आधीपासून काय माहीत होतं?"

"माहीत काही नव्हतं गं. आमची आई सांगायची. हयातभराची हमी घेतलेल्या माणसाचं नाव दुसऱ्याने आपलं म्हणून सांगू नये. माणूस हयात आहे तोवर हमी चालते, एवढंच आपण वाचतो. हमी चालू राहिली की माणूसही चालू राहतो, ते कुठे छापलेलं नसतं."

"मग आता?"

ती बीचं झबलं नीट करायला लागली. "त्याने हो म्हटलं ते अनोळखी माणसाला. आता अनोळखी माणसानेच विचारायला हवं, की तुझं नाव काय. आणि त्याने स्वतःच्या तोंडाने खरं नाव सांगायला हवं. तू विचारून उपयोग नाही. मीही नाही. आपण ओळखीचे."

मी टोळीचा माग काढत पश्चिमेला पार सेडूना गावापर्यंत गेले, बीला मागच्या सीटवर बांधून. वाटेत ज्याला त्याला विचारलं. हो, होता की एक डावखुरा मेकॅनिक, भला माणूस. त्याचं नाव काय सांगितलं त्याने? त्यावर प्रत्येक जण माझ्याकडे बघत राहिला. नाव? नाव कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे कोण विचारतं? सगळे एकमेकांना नुसतं मेट म्हणतात, दोस्त म्हणावं तसं. पंपावर मेट, दारूच्या गुत्त्यावर मेट, यंत्राखाली आडवा पडलेलाही मेट. माणूस वर्षभर शेजारी काम करतो आणि त्याचं नाव त्याच्या अंत्यविधीला कळतं. मला ही पद्धत फार आवडायची. कुणी परकं वाटत नाही.

मुकादमाने तरी विचारलं असेल, असं वाटलं होतं. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात? त्याच्या पान्यांवर लिहिलेलं आहे."

टोळी तिथून दोन दिवस आधीच पुढे गेली होती. बीला ताप होता, मला परत फिरावं लागलं. आता ते नलारबोरचं ओसाड माळरान ओलांडून पलीकडच्या रानांत असतील, तिथे मुकादमाचाही फोन लागत नाही. कुठल्या, ते मला ठाऊक नाही. मर्ल म्हणते, जितके दिवस जातील तितकं ते नाव त्याच्या जिभेपासून लांब जाईल.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, त्यालाही ओळखत नाही. तेच हवं आहे. तुम्ही त्या बाजूला जात असाल आणि रस्त्याकडेला कापणीची यंत्रं उभी दिसली, तर गाडी थांबवा. तिशीचा, उंच, मानेवर भाजल्याचा जुना डाग, पाना डाव्या हातात. काही बिघडलंय का असं तोच विचारत येईल, मदत करायची त्याला सवय आहे. हर्बलाही होती म्हणे. त्याला मेट म्हणू नका. पान्याकडे बघू नका. तोंडाकडे बघून नाव विचारा. तो हसण्यावारी नेईल, तुम्ही हसू नका, पुन्हा विचारा. तो अडखळला तर त्याला नाव सुचवू नका, कितीही वेळ लागला तरी. ओठ कसे हलतात ते बघत उभे राहा. तिथे फार ऊन असतं, पण थांबा. आणि तो काय म्हणाला ते मला कळवा, काहीही म्हणाला तरी.