दिव्यानीचं वाक्य

या हंगामात आमच्या नाटक कंपनीच्या धनराजभाऊंनी मला नाटकातल्या नायकाची, सुरजची, आई केलं. नाटक गेल्या सालचंच आणि गेल्या साली याच सुरजची मी बायको होते. एका उन्हाळ्यात बाई इतकी म्हातारी होते, हे मला ठाऊक नव्हतं. नायिका म्हणून दिव्यानी नावाची कोवळी पोर आली. पोस्टरवर माझा फोटो कोपऱ्यात गेला, तोही पांढऱ्या विगात.

भाऊंना मी स्पष्ट सांगितलं, शब्द दिलाय म्हणून सिंदेवाहीजवळचा पहिला प्रयोग करते, पुढे झाडीपट्टीच्या रंगभूमीला माझा रामराम. ते बरं म्हणाले. थोडी मनधरणी करायला काही हरकत नव्हती.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत स्टेज उभं होतं. शंकरपटाच्या बैलशर्यती पाहायला आलेली सगळी पंचक्रोशी नाटकाला थांबली होती. पहिला अंक मी तोंड वाकडं करूनच काढला. दुसऱ्या अंकात सुरज कामासाठी हैदराबादला निघतो. ऑर्गनवाल्यानं निरोपाचे सूर धरले आणि सवयीनं माझे पाय पळाले. विंगेतून धावत येऊन मी त्याचा हात धरला आणि बोलून गेले, "या घरात मी आता कोणाच्या तोंडाकडे पाहून जगू?"

बोलले आणि जीभ चावली. वाक्य बायकोचं, म्हणजे दिव्यानीचं. ती बिचारी विंगेत तशीच उभी. आता हशा पिकणार म्हणून मी मान खाली घातली.

हशा आलाच नाही. वर पाहिलं तर समोरच्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यांतल्या कितीजणींची पोरं खरोखरच तिकडे गेलेली. सुरज झालेला नट मोठा हुशार, त्यानं "माय" म्हणत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नाटकात हे कुठेच नव्हतं. नायिका असताना या वाक्याला मी टाळ्या घेतल्या होत्या, पण रडलं कुणी नव्हतं.

नाटक संपल्यावर दिव्यानीची माफी मागायला गेले. भर प्रयोगात कुणाचं वाक्य पळवणं म्हणजे ताटातला घास उचलणं. तिच्या जागी मी असते तर भांडलेच असते. ती मेकअप पुसत होती.

"बाई, ते वाक्य तुमच्याकडंच राहू द्या," ती म्हणाली. "मी बोलीन, पण असं कोणाले लागणार नाई."

मला भरून आलं. या धंद्यानं मला डोक्यावर घेतलं, मग कोपऱ्यात बसवलं, पण कोपऱ्यातही उपाशी ठेवलं नाही. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

तेवढ्यात धनराजभाऊ आले. गोंडपिपरीच्या प्रयोगासाठी दुसरी आई शोधायची का, असं त्यांनी जपूनच विचारलं.

"काऊन भाऊ," मी म्हणाले, "माह्या पोराले सावत्र माय आणता का?"