दोन रेघांच्या मधले पाणी

मी एक जुनी ब्युरेट आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी ज्यांनी मला पाहिलेले नाही, त्यांनी हातभर लांब आणि बोटाएवढी जाड काचेची नळी डोळ्यांसमोर आणावी. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत शून्य ते पन्नास आकडे आहेत आणि दर दोन आकड्यांच्या मध्ये बारीक रेघांचे दहा भाग आहेत. खाली एक तोटी आहे. ती फिरवली की माझ्यातले द्रावण थेंब थेंब खालच्या चंबूत पडते. किती पडले ते माझ्या रेघांवर वाचायचे. एवढेच माझे काम. ते मी बावीस वर्षे खोटे न बोलता केले, आणि तरीही एका शुक्रवारी माझ्या गळ्यात ‘बाद’ अशी चिठ्ठी बांधली गेली. ती का, आणि पुढे काय झाले, हे सांगण्यासाठी आज तोंड उघडले आहे. तसे माझे तोंड नेहमी उघडेच असते, पण त्याचा उपयोग फक्त द्रावण भरण्यासाठी होतो.

माझा जन्म भट्टीतला. मऊ झालेली काच ओढून मला लांब केले, मग रेघा आखल्या आणि त्या पक्क्या बसाव्यात म्हणून पुन्हा भट्टीत घातले. आम्ही तिघी बहिणी एकाच खोक्यातून पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत आलो. थोरलीला पहिल्याच वर्षी इथले प्रमुख असलेल्या साहेबांचे कोपर लागले. धाकटी धुताना बेसिनच्या नळावर आपटली. मी मधली, म्हणून वाचले असावे. मधल्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आमचे खोके उघडले ते बाईंनी. बाई म्हणजे इथल्या रसायनतज्ज्ञ. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. त्यांनी मला उजेडात धरले, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिले आणि स्टँडच्या चिमट्यात बसवले. तेव्हापासून आमची जागा एकच: मी खिडकीजवळच्या टेबलावर, त्या समोरच्या स्टुलावर.

शहरातल्या विहिरींचे, टाक्यांचे, कारखान्यांचे पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येते. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, ते आम्ही शोधतो. चंबूतल्या पाण्याचा रंग लाल असतो. माझ्यातले द्रावण पडत जाते आणि एका थेंबाला तो निळा होतो. त्या क्षणी तोटी बंद करायची आणि मला वाचायचे. हे वाचणे दिसते तितके सोपे नाही. पाण्याला काचेजवळ किंचित वर चढायची सवय असते, त्यामुळे मध्ये उथळ खळगा पडतो. त्या खळग्याचा तळ कोणत्या रेघेवर आहे ते पाहायचे. तो दोन रेघांच्या मध्ये असला तर अंदाज करायचा. बाईंचा तो अंदाज इतका पक्का होता की इतर प्रयोगशाळांतले लोक तो पाहायला येत.

इथला नियम असा की प्रत्येक वाचन दोघांनी वेगवेगळे करायचे, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचे आणि मग जुळवायचे. एका रेघेहून जास्त फरक नको. नियम असा होता, पण प्रथा अशी होती की बाईंपेक्षा वेगळे वाचणारा मुकाट्याने स्वतःची चिठ्ठी फाडत असे.

अशी वीस वर्षे गेली. मग काही गोष्टी घडू लागल्या. त्या मी एकेक करून पाहिल्या, पण त्यांची बेरीज मला बरेच दिवस करता आली नाही.

पहिली गोष्ट गुडघ्यांची. द्रावण चाळीसच्या खाली गेले की बाईंना डोळे माझ्या पातळीवर आणण्यासाठी वाकून बसावे लागे. पूर्वी त्या सहज बसत. मग त्यांनी तपासायला पाणीच कमी घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे उत्तर दहा ते वीसच्या मध्ये येई आणि वाकावे लागत नसे. नमुन्याचे पाणी वाया घालवू नये, असे त्या सांगत. दुसरी गोष्ट मामांनी बोलून दाखवली. मामा म्हणजे आमची काच धुणारे. वयाने बाईंपेक्षा दोनच वर्षांनी मोठे, तरी सगळ्यांचे मामा. एकदा चंबू पुसता पुसता ते सहज म्हणाले, “बाई, हल्ली बसतानाही ‘आई गं’ येतंय. आधी फक्त उठताना यायचं.”

बाईंनी ऐकले नाही असे दाखवले. पण त्यानंतर आठवडाभर त्या बसताना ओठ घट्ट मिटून बसत. मग खोकल्यासारखा एक आवाज येई, आणि मामा समजूतदारपणे बेसिनकडे तोंड करत.

एका सकाळी बाई आल्या त्याच धुसफुसत. बसमध्ये एका गृहस्थाने उठून “मावशी, बसा” म्हणत जागा दिली होती. जागेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्या माणसाच्या कानांवरचे केस पांढरे होते, याबद्दल होती.

त्याच सुमाराला नवी मुलगी रुजू झाली. हुशार, हात स्थिर, बोलणे नम्र. जुन्या नोंदवह्या चाळताना तिला एका पानावर आपल्या जन्माची तारीख सापडली. ती कौतुकाने म्हणाली, की मॅडम, मी झाले त्या दिवशी तुम्ही गिरणीमागच्या विहिरीचं पाणी तपासत होतात, आणि अक्षर अगदी आजच्यासारखंच आहे. तिला वाटले, आपण स्तुती केली. बाईंनी वही बंद करून कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवली.

आता डोळ्यांची गोष्ट. ती सुरू झाली तेव्हा दोष शाईवर गेला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई फिकी येते, असे बाई म्हणाल्या. मामांनी जाड पेन आणले. मग दोष उजेडावर गेला. खोलीत दोन ट्यूब होत्या, त्यांच्या चार झाल्या, मग सहा. प्रकाश एवढा झाला की साहेब दारात आले तेव्हा त्यांच्या काळ्याभोर केसांची मुळे पांढरी आहेत हे सर्वांना एकदमच कळले. त्यानंतर साहेबांचे आमच्या खोलीत येणे कमी झाले.

बाटलीचे एक बरे असते. दिसले नाही तर हात लांब करून धरता येते. मी मात्र चिमट्यात पक्की. माझ्यापासून लांब जायचे तर बाईंनीच मागे सरकायला हवे. आधी वीतभर, मग हातभर स्टूल मागे गेले. एक दिवस माझ्यावर नजर ठेवून त्या मागे मागे जात राहिल्या आणि पाठ बेसिनला टेकली. तिथून त्यांना रेघा स्पष्ट दिसल्या असाव्यात, कारण चेहरा उजळला. पण तिथून त्या इतक्या लहान होत्या की कोणती रेघ कोणती ते कळेना. जवळ यावे तर सगळे धूसर. मधे एक जागा होती, पण ती रोज सरकत होती.

आणि मग चिठ्ठ्या जुळेनाशा झाल्या. बाईंचे वाचन १८.६, नव्या मुलीचे १८.४. दुसऱ्या दिवशी बाईंचे १४.१, मुलीचे १४.३. बाईंना अर्थातच वाटले की पोरीला नीट वाचता येत नाही. त्यांनी अर्धा काळा, अर्धा पांढरा पुठ्ठा माझ्यामागे धरून तिला आठवडाभर वाचनाचे धडे दिले. मुलीने ते मान खाली घालून घेतले. पण स्वतःची चिठ्ठी मात्र तिने फाडली नाही. ती रोज दोन्ही चिठ्ठ्या टाचून ठेवत गेली, कारण नियम तसा होता. बारा दिवसांत बारा फरक जमले.

मुलगी चुकत नाही हे बाईंना मान्य करावे लागले. आपण चुकणे तर शक्यच नव्हते. मग उरले कोण? मी उरले.

मित्रांनो, बावीस वर्षांच्या मैत्रिणीने आपल्याकडे संशयाने पाहावे, हे दुःख काचेलाही होते. शुक्रवारी दुपारी माझी परीक्षा झाली. परीक्षा साधी असते. माझ्यात शुद्ध पाणी भरायचे, शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंत चंबूत सोडायचे आणि ते पाणी तोलायचे. त्या दिवशीच्या तापमानाला त्याचे वजन ९.९५ ग्रॅम भरायला हवे होते. बाईंनी पाच वेळा केले. परीक्षा माझी, पण रेघ वाचणाऱ्या त्याच. वजने आली ९.७६, १०.१४, ९.९३, १०.१७ आणि ९.८०. पाचांतले चार नापास.

“ही गेली,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली. आवाज कोरडा होता, पण गाठ बांधायला त्यांना बराच वेळ लागला. बाद झालेली काच मामा शनिवारी दुपारी फुटक्या काचेच्या डब्यात टाकतात. म्हणजे माझ्याकडे एक सकाळ उरली होती.

शनिवारी सकाळी बाई माझा अहवाल लिहायला बसल्या. काम पूर्ण केल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी पाच आकडे एकाखाली एक लिहिले, सरासरी काढली. ती ९.९६ आली. म्हणजे जवळजवळ अचूक. त्यांचे पेन थांबले.

उपकरण बिघडले की ते हट्टी माणसासारखे चुकते, दर वेळी त्याच बाजूला आणि साधारण तेवढेच. माझी दहाची रेघ चुकीच्या जागी असती तर पाचही वजने सारखीच कमी किंवा सारखीच जास्त आली असती. तोटी गळत असती तरी चूक एकाच दिशेला गेली असती. इथे एक वजन कमी, एक जास्त, एक बरोबर, पुन्हा जास्त, पुन्हा कमी. अशी चूक काच करत नाही. हे बाईंनी स्वतःच कितीतरी नव्या लोकांना शिकवले होते.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. हवे असते तर त्यांनी चारांवर लाल खूण करून सही केली असती. कोणी विचारले नसते. त्यांची नजर प्रसिद्ध होती, माझी मुळीच नव्हती. मी श्वास रोखून धरला असता, पण मला दोन्ही टोके मोकळी आहेत.

“इकडे ये,” त्यांनी मुलीला हाक मारली. “तू वाच. वजन मी बघते.”

वजनकाट्याचे आकडे लाल आणि मोठे असतात. ते बाईंना चांगले दिसत होते, आणि त्या दिवशी ते फारच चांगले दिसले. ९.९५. ९.९४. ९.९५. ९.९६. ९.९५. मुलीने अतिशय लक्ष देऊन स्वतःच्या चपलांकडे पाहिले.

तेवढ्यात मामा डबा घेऊन आले. त्यांनी वहीतले आकडे पाहिले, माझ्या गळ्यातली चिठ्ठी पाहिली, बाईंचा चेहरा पाहिला आणि डबा खाली ठेवला.

“मग,” ते म्हणाले, “बाद कोणाला करायचं?”

बाई हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलगी भीत भीत हसली. मामांनी मात्र हसू आवरले, कारण प्रश्न त्यांनी खराच विचारला होता.

बाईंनी माझ्या गळ्यातली गाठ सोडली. अहवालाच्या कागदावर ‘दोष कशात आढळला’ असा रकाना असतो, आणि त्यात ‘काच, रेघा, तोटी, इतर’ असे पर्याय. त्यांनी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या मोकळ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘वाचणारीचे डोळे. वय ४६.’ मग सही केली.

कागद साहेबांकडे गेला. साहेब आमचा प्रत्येक कागद आपल्या खोलीत दार लावून वाचत. ते एकाग्रतेसाठी असावे, अशी आमची समजूत होती. पाच मिनिटांनी ते कागद घेऊन स्वतः बाहेर आले, त्या सहा ट्यूबच्या उजेडात आले, आणि सर्वांसमोर खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

“मला बेचाळिसाव्यालाच लागला,” ते हळू आवाजात म्हणाले. “दहा वर्षं झाली. हा घालून बघा.”

बाईंनी तो घातला. साहेबांचे नाक मोठे, त्यामुळे चष्मा घसरत होता. एका हाताने तो धरून त्या माझ्याजवळ आल्या. गेल्या दोन वर्षांत त्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या. अगदी वीतभर अंतरावर. त्यांनी माझी एकेक रेघ पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“अगं, ही किती जुनी झालीय,” त्या म्हणाल्या. “सातचा आकडा जवळजवळ पुसला गेलाय. तोंडाशी टवका आहे. मला कोणी सांगितलं कसं नाही?”

मुलीने मामांकडे पाहिले. मामांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले.

मला राग आला नाही, मित्रांनो. त्या भिंगांतून बाईंचे डोळे मलाही प्रथमच मोठे दिसले, आणि त्यांच्या कडांच्या बारीक रेघाही. माझ्या मनात तोपर्यंत खोके उघडणारी चोवीस वर्षांची मुलगीच होती. रेघा मीही मोजल्या. संख्या सांगणार नाही. मुलीने बारा फरक टाचून ठेवले, पण बोलून दाखवले नाहीत. एवढा सभ्यपणा मलाही जमतो.

तुम्हाला माझी विनंती थोडीच आहे. मला वापरून झाले की धुऊन ठेवा आणि तोटी घट्ट आवळू नका. टवका उडाला असेल तर लपवू नका, बोटाला लागतो. आणि तुमचे वाचन शेजाऱ्याच्या वाचनाशी बारा दिवस जुळले नाही, तर फुटक्या काचेचा डबा मागवण्याआधी त्याला एकदा वाचायला सांगा. उत्तर आवडेलच असे नाही. पण बाईंचा स्वतःचा चष्मा आल्यापासून चिठ्ठ्या पुन्हा जुळतात, दोन ट्यूब काढून टाकल्या आहेत, आणि रोज सकाळी मामा एका मऊ फडक्याने आधी चष्मा पुसतात आणि मग मला.