चौथं फडकं

"अगं, टॉर्च जरा इकडे धर. इकडे गं, पाइपाच्या तोंडावर."

मी टॉर्च सरकवली. बोलले नाही. सकाळी सहा ते सात मी बोलत नाही. बावीस वर्षांचा नेम आहे. त्या तासात मनात देवाचं नाव चालू असतं आणि हात कामात असतात.

नुकतं उजाडत होतं. पिकअपचं बॉनेट उघडं होतं आणि हे कमरेपर्यंत आत वाकले होते. एअर फिल्टरचा जुना काळा डबा काढून त्यांनी भिंतीवर ठेवला होता. त्याच्या जागी मोठा फिल्टर आणि रुंद पाइप बसायचा होता. इंजिनाला पोटभर हवा मिळाली की गाडी चढावर धापा टाकत नाही, हे त्यांनी मला आठवडाभर समजावलं होतं.

चढाचंच तर सगळं होतं. टेकडीवरच्या रुग्णालयातल्या चादरी रोज खाली धुलाईला आणायच्या आणि धुतलेल्या वर पोचवायच्या, असं कायमचं काम निघालं होतं. तीस वर्षं यांनी लोकांची बिऱ्हाडं हलवली, पाठीवर कपाटं घेऊन जिने उतरले. आता ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि दुपारी जेवायला घरी. "जिने संपले बघ माझे," असं म्हणून स्वतःशीच हसत होते. फक्त भरलेली गाडी न थांबता वर नेऊन दाखवायची होती. आजच, साडेसातला.

फुलाफुलांची एक जुनी चादर फाडून मी त्यांना चार फडकी करून दिली होती. त्यातलं एक त्यांनी इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात कोंबलं, काम चालू असताना आत स्क्रू पडू नये म्हणून. बाकीची तीन भिंतीवर होती.

मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तर भोंगा आलेला. हा यांचा ड्रायव्हर मित्र; आवाजावरून नाव पडलेलं.

"काय वहिनी, गाडीच्या नाकाचं ऑपरेशन का? मग याच्या नाकाचंही उरकून घ्या. चार घरं पलीकडे घोरणं ऐकू येतं!"

हे खो खो हसले. हसत हसतच त्यांनी नवा पाइप त्या तोंडावर चढवला आणि क्लिप आवळायला घेतली.

मी भिंतीकडे पाहिलं. तीन फडकी. जमिनीवर पाहिलं, त्यांच्या खांद्यावर पाहिलं. तीनच.

आता खरं लिहिते. आदल्या संध्याकाळी मी म्हटलं होतं, "अहो, कामाच्या तोंडावर कशाला उघडताय? गॅरेजात द्या ना." तर भोंग्यासमोर हे म्हणाले, "तुला फिल्टर आणि चहाची गाळणी यातला फरक तरी कळतो का?" तो हसला. मग हे म्हणाले, "उद्या सकाळी तुझं मौन आहे ते बरंय. मला शांतपणे काम करता येईल."

ते मला लागलं होतं.

म्हणून मी चहाचा ट्रे हातात धरून उभी राहिले. बावीस वर्षांत नेम मोडला नव्हता असं नाही. एकदा न्हाणीघरात साप निघाला तेव्हा मी ओरडले होते आणि देव काही रागावला नव्हता. शिवाय हात तर मौनात नव्हते. चार बोटं दाखवली असती तरी पुरलं असतं. पण मनात आलं, तीस वर्षांचा अनुभव आहे ना, कळेल त्यांचं त्यांना. आणि नेमाच्या आडोशाला ते किती सोपं होतं! ओठ मिटलेले होते, पण जप केव्हाच थांबला होता.

गाडी सुरू झाली. आवाजही भरदार आला.

"ऐकलंस? कसा श्वास घेतेय!" त्यांनी लहान मुलासारखं माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

सातला पाच मिनिटं असताना दोघं निघून गेले. भोंग्याचा नंबर माझ्याकडे नव्हता; साताचा ठोका पडला तशी मी यांना फोन लावला. फोन अंगणात वाजला. भिंतीवर, तीन फडक्यांच्या शेजारी.

पुढचं मला भोंग्यानं सांगितलं, आणि तेही हळू आवाजात. फडक्याच्या कडेनं थोडी हवा जात होती, म्हणून सपाटीवर गाडी ठीक चालली. शेवटच्या चढावर यांनी जोर दिला तशी काळा धूर ओकायला लागली, घरघरली आणि बंद पडली. वर रुग्णालयाची माणसं बघत उभी. ब्रेकवर ब्रेक मारत यांनी गाडी उलटी खाली आणली आणि तिथंच पाइप उघडला. भांडार सांभाळणारे साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका. वय झालं की विसरायला होतं." काम दुसऱ्याला गेलं.

दुपारी हे घरी आले. फडकं हातात होतं, काळं, एका बाजूनं चिंधी झालेलं. मोरीत बसून त्यांनी ते स्वतःच धुतलं. बराच वेळ धूत होते.

"मीच कोंबलं होतं गं," म्हणाले. "याच हातांनी."

"अहो..." मी म्हटलं.

"तू सांगत होतीस, गॅरेजात द्या. मीच ऐकलं नाही. तुझंच बरोबर होतं."

बारा वाजून गेले होते. नेमाचा तास केव्हाच संपला होता. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ताट वाढलं.

त्यानंतर बिऱ्हाडंच चालू राहिली, जिनेही. पण बॉनेट काही यांनी उघडलं नाही. गाडी गॅरेजात नेतात आणि हात मागं बांधून बाजूला उभे राहतात. ज्या माणसाला गाडीचा बोल्ट न् बोल्ट पाठ होता, तो आता घरातून निघताना दोनदा परत येतो. "गॅस बंद केला ना मी? कुलूप लावलं ना?" लावलेलं असतं. मी सांगते, लावलंय. तरी ओढून बघतात.

वर्षभरानं एका सकाळी पाहते तर बॉनेट उघडं. फिल्टर काढून हे धूळ झटकत होते, तेवढंच. मी दारात बसून जप करत होते. फिल्टर परत बसवण्याआधी त्यांनी फडकी भिंतीवर ओळीनं मांडली आणि बोटानं मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे वळले.

"चार आहेत ना गं?"

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"चार आहेत," मी म्हटलं. "चारही बाहेर आहेत."

ते दचकलेच. हातातला फिल्टर तसाच राहिला.

"अगं, तुझा नेम!" ते म्हणाले. चेहरा अगदी ओशाळला. "बघ, माझ्यामुळे मोडला."

आणि भिंतीवरचं चौथं फडकं, ते काळ्या डागाचं, उचलून त्यांनी नीट चौकोनी घडी केली आणि आपल्या खिशात ठेवलं.