कातळावरचं अर्थिंग

करुणाने घरच्या घरी टेस्ला कॉइल करायला घेतली, म्हणजे साध्या विजेचे लाखभर व्होल्ट करून हवेत ठिणग्या उडवणारं यंत्र, तेव्हा घरात विजेचे दोन जाणकार होते. एक ती स्वतः, देवरूखच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. दुसरे तिचे वडील अप्पा, तीस वर्षं खांबांवर चढून निवृत्त झालेले लाइनमन. पहिलीने दुसऱ्याला लगेच बाद केलं.

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात जयंती कमिटीने तिला दहा मिनिटं दिली होती. सात भाषणांच्या मधली दहा मिनिटं, म्हणजे कमिटीच्या मानाने औदार्यच. तेवढ्यात हातभर वीज उडवून दाखवायची आणि वाडीतल्या पोरींच्या मनातली सायन्सची भीती घालवायची, असा तिचा बेत होता. वीज उडाली नाही तर भीती दुप्पट होणार, हेही तिला माहीत होतं.

महिनाभर पडवीत प्लॅस्टिकच्या पाइपवर तांब्याची बारीक तार गुंडाळणं चाललं. हजार वेढे, एकावर एक न चढता. गणित सगळं लॅपटॉपवर. अप्पा दारात येऊन विचारायचे, "अर्थिंग कुठं देतेस गो?"

"अप्पा, हे खांबावरचं काम नाही. तुम्हाला त्यातलं नाही कळायचं."

पाच-सहा वेळा विचारलं, पाच-सहा वेळा तेच ऐकलं. मग त्यांनी विचारणं सोडलं.

वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची सळई तिने विहारासमोरच्या मांडवात ठोकली. वाडी सगळी जांभ्याच्या कातळावर, त्यात एप्रिल. सळई चार बोटं गेली आणि वाकली. लॅपटॉपमधली जमीन उत्तम होती, पण ती लॅपटॉपमध्येच होती. तेराच्या सकाळी चाचणी घेतली तर वर उडायची ठिणगी बुडाशीच उडाली आणि खालचे वेढे जळून काळे पडले. कमिटीचे अध्यक्ष विनोद जाधव धीर द्यायला आले. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. आठवं भाषण तयार आहे."

करुणा घरी गेली. "अप्पा, चुकलं माझं. अर्थ मिळत नाही."

अप्पांनी पहार उचलली आणि थेट विहारामागच्या पिंपळाशी गेले. "झाड एवढं वाढलंय, म्हणजे खाली माती हाय." कातळावर अर्थिंग झाड बघून द्यायचं, हे तिच्या एकाही पुस्तकात नव्हतं. त्यांनी कंबरभर खणलं, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा, मीठ आणि चार हंडे पाणी ओतलं. तिने जळके वेढे नव्याने गुंडाळले आणि यंत्र पिंपळाखाली आणलं.

जयंतीला हातभर जांभळी वीज कडाडली. लांब उभ्या असलेल्या, वाडीतल्याच सानवी नावाच्या पोरीच्या हातात ट्यूबलाइट वायरीशिवाय पेटली आणि पोरी यंत्राभोवती गोळा झाल्या. विनोदरावांनी मांडववाल्याचे, साउंडवाल्याचे आणि न विसरता स्वतःचे आभार मानले. करुणाने माइक घेतला. "हे यंत्र अप्पांमुळे चाललं."

सगळे वळले. अप्पा गोंधळून उठले. "नाय, नाय. मशीन तिचं. मी आपला खड्डा खणला. मला त्यातलं काय कळतं?"

टोमणा असता तर तिने हसून झेलला असता. पण अप्पांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. महिनाभर तिने सांगितलेलं त्यांना खरंच पटलं होतं. टाळ्या वाजत होत्या आणि करुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.