पोस्टमनकाकांची तीनशे सव्वीस मतं

पोस्टमनकाका निवडणुकीला उभे राहिले, ही बातमी काकूंना सगळ्यांत शेवटी कळली, आणि तीही दूधवाल्याकडून. दुधाचं पातेलं तसंच हातात धरून त्या आत आल्या नि म्हणाल्या, "अहो, मोरीतला नळ तीन महिने गळतोय. तो दुरुस्त होईना तुमच्याच्यानं, आणि निघालात गावाचं भलं करायला?"

काकांनी मान खाली घालून चहा ढवळला. खरं सांगायचं तर गावाच्या भल्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना फाटक उघडून हवं होतं, बस्स.

फाटकाचं असं होतं. गावाबाहेर एक ओढा होता आणि ओढ्याच्या मधोमध दोन देशांची हद्द होती. पूर्वी ती हद्द नकाशावरच असायची. पलीकडच्या वस्तीचं टपालसुद्धा याच गावच्या पोस्टात यायचं आणि काका सायकल हातात धरून, पाण्यातून ढकलत ते घरोघर पोचवायचे. एवढंसं तर अंतर, म्हणून त्यांनी एकुलती एक लेकही पलीकडे देऊन टाकली. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तारेचं कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं, आणि ते फाटक सोमवारी नि गुरुवारी, दहा ते चार, एवढंच उघडू लागलं. आता लेकीला सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून फारसं उठायचं नाही असं बजावलं होतं, त्यामुळे ती माहेरी येण्याचा प्रश्नच नव्हता.

"आणि कळा मंगळवारी सुरू झाल्या तर?" काकू रोज विचारायच्या. "पोरीला निरोप धाडू का, वार बघून बाळंत हो म्हणून?"

काका तीनदा गावच्या पंचायतीच्या अध्यक्षांकडे जाऊन आले. अध्यक्ष पंधरा वर्षं खुर्चीला चिकटून होते. पहिल्यांदा ते "बघू" म्हणाले, दुसऱ्यांदा "वर कळवलंय" म्हणाले, आणि तिसऱ्यांदा वैतागून म्हणाले, "काका, एवढं वाटतंय तर तुम्हीच उभे राहा की." बिचारे थट्टेनं म्हणाले होते. पण काकांनी चौतीस वर्षं टपालखात्यात काढली होती, आणि वरच्यानं सांगितलेलं खाली जाऊन करायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज भरला.

अध्यक्षांचा प्रचार जीपमधून चालला होता, कर्णा लावून. काकांनी आपली जुनी फेरी धरली. शाळेपासून सुरुवात, मग गिरणी, मग लोहाराची गल्ली, असं एकेक घर. पायांना सवयच होती, डोकं चालवावं लागत नव्हतं. घरात जायचं, पाणी प्यायचं, फाटकाचं सांगायचं, आणि वहीत त्या घराची जाणती माणसं मोजून खुणा करायच्या. सोमवारी आणि गुरुवारी फेरीचा पुढचा भाग व्हायचा. तिथे तर लोक त्यांना उठू देत नसत. "तुम्हाला नाही तर कुणाला?" म्हणायचे आणि आग्रहानं दुसऱ्यांदा चहा टाकायचे. अलीकडची माणसं मात्र "बघू की" म्हणून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. काका भले गृहस्थ, त्यांनी त्यांच्याही खुणा केल्या.

महिन्याभरानं बेरीज केली ती तीनशे सव्वीस. दाढी करताना त्यांनी हा आकडा सहज न्हाव्याला सांगितला. आता न्हाव्याला सांगितल्यावर काय राहतंय? अख्ख्या मतदारसंघात मतं सहाशे. संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तीनशे सव्वीस झालं, आणि अध्यक्षांना जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्ष स्वतः काकांच्या ओसरीवर येऊन बसले.

"काका, तुम्हाला हवंय तरी काय?"

"फाटक रोज उघडायला हवं."

"एवढ्यासाठी कुणी निवडणूक लढवतं का?"

"तुम्हीच म्हणालात की."

अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला. "ती वही जरा दाखवता का?" त्यांनी जमेल तितक्या सहज विचारलं. काकांना काय, आनंदच झाला. लगबगीनं ते वही आणायला स्वयंपाकघरात गेले. वही फळीवरून काढताना काकूंनी ती हातात घेतली आणि पहिल्यांदाच उघडून पाहिली. मधल्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"अहो, ही नऊ मतं कुणाची?"

"लेकीच्या सासरची. घरातली सगळीच्या सगळी आपली आहेत."

"आणि ही पुढची?"

"त्यांच्या शेजारची."

काकूंनी आवाज अगदी खाली आणला. "आणि ही मंडळी शिक्का मारायला येणार कुठे? आपल्या शाळेत?"

काकांनी वाकून त्या पानाकडे पाहिलं. चौतीस वर्षं त्यांची फेरी हद्दीपाशी कधी संपलीच नव्हती, ती संपायची पलीकडच्या शेवटच्या घरी. काकूंनी भरभर खुणा मोजल्या. तीनशे सव्वीसमधली एकशे शहाऐंशी माणसं परक्या देशाची होती. काकांना एकदम रडू आल्यासारखं झालं.

"मी सांगून टाकतो त्यांना," ते म्हणाले. "फसवणूक होईल ही."

"सांगा की," काकूंनी वही पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. "नातवंड झालं की सांगा." मग बाहेर येऊन त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "वही काही आत्ता हाताशी नाही. पण आकडा तोच, माणसं सगळी ओळखीची." यात खोटं एक अक्षर नव्हतं, हे काकांनाही मान्य करावं लागलं.

काकांच्या तीन खेपांनी जे झालं नव्हतं ते आठ दिवसांत झालं. अध्यक्ष दोनदा जिल्ह्याला गेले, कुणाकुणाच्या पाया पडले देव जाणे, पण फाटक रोज, उजाडल्यापासून मावळेपर्यंत उघडं ठेवायचा हुकूम घेऊन आले. फीत कापताना त्यांनी हे आपलं फार दिवसांचं स्वप्न असल्याचं सांगितलं. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या काकांनी वाजवल्या. त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देताना मात्र त्यांना चोरट्यासारखं वाटत होतं.

रविवारी मतदान झालं. बुधवारी शाळेत मोजणी होती. काकांना कोण प्रतिनिधी मिळणार? ते स्वतःच बाकावर बसले होते. शेवटची पेटी फोडली आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. जावई होते. कळा सुरू झाल्या होत्या, काकू केव्हाच फाटकातून गेल्या होत्या.

काका उठले. मोजणीवरचे साहेब म्हणाले, "अहो, तुमची मतं मोजायची आहेत अजून."

"मोजा की. मी कुठे नाही म्हणतोय?" म्हणत काका दारातून बाहेरसुद्धा पडले.

बुधवार असून फाटकावरच्या शिपायानं त्यांना आज वार कोणता म्हणून विचारलं नाही. ओढ्यापलीकडच्या चढावर त्यांना धाप लागली, पण ते थांबले नाहीत. लेकीच्या घराबाहेर वस्तीतली सगळी मंडळी जमली होती. निकाल त्यांच्याआधीच फोनवरून तिथे पोचला होता. लेकीचा सासरा पुढे येऊन हळूच म्हणाला, "अडतीस."

काकांनी मान डोलावली आणि आतल्या दाराकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं काकू बाहेर आल्या आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांनी काकांच्या हातात दिलं.

"नात आहे. लेक सुखरूप आहे. किती पडली?"

"अडतीस."

काकू पदरानं हात पुसत राहिल्या. "एक सांगते, रागवायचं नाही. मी शिक्का अध्यक्षांना मारला. काही झालं तरी फाटक त्यांनी उघडलं. मनाला पटेना माझ्या."

काका बाळाकडे बघत होते. "मीही त्यांनाच मारला," ते म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघून आधी हसले. मग काकांचे डोळे भरून आले. "अगं, मग हे अडतीस कोण? आपण दोघंही नाही त्यात. कोण असतील बिचारे? आता कुणाच्या दारी जाऊन सांगू मी, नात झाली म्हणून?"

"सगळ्यांच्याच दारी सांगा," काकू म्हणाल्या. "ज्यांनी दिलं असेल, त्यांचं त्यांना कळेल."